साक्षीदार तरुण हवा

अदालत रोड, सकाळचे अकरा. जिल्हा न्यायालयासमोर झेरॉक्स मशिनींची घरघर सुरू झाली आहे आणि मुद्रांक विक्रेत्याच्या टेबलाशी बॉन्डसाठी माणसं उभी आहेत. आमचे शेजारी काका सवयीनं त्याच घोळक्याकडे वळतात. वकीलबाईंचा कारकून त्यांना थांबवतो. "मृत्युपत्राला बॉन्ड लागत नाही, काका. साधा कागद चालतो." काका संशयानं माझ्याकडे बघतात. जायकवाडीच्या कालव्यांवर नोकरी केलेल्या या माणसानं मुद्रांकाशिवाय झालेलं एकही काम आजवर खरं मानलेलं नाही.

मी आलोय साक्षीदार म्हणून. दुसरे साक्षीदार काकांचे जुने मित्र, निवृत्त गुरुजी. वकीलबाई गुरुजींचं आधार कार्ड घेतात, जन्मसाल बघतात आणि हसून परत करतात.

"गुरुजी, तुमची सही नको."

"का? मी काय खोटं बोलायलो का?"

"तसं नाही. उद्या वाद झाला, तर सही माझ्यासमोर झाली असं कोर्टात सांगायला साक्षीदार लागतो. काका ७६ चे, तुम्ही ७८ चे. साक्षीदार मागं राहणारा हवा."

गुरुजी क्षणभर गप्प होतात आणि मग खो-खो हसतात. "बरोबर आहे. नंबर माझाच आधी आहे." त्यांच्या जागी समोरच्या मेडिकलमधला ओळखीचा तरुण बोलावला जातो.

काकांनी फोनवर सांगितलेला मजकूर बाई वाचू लागतात. सिडकोतलं घर, बँकेतल्या ठेवी, फुलंब्री तालुक्यातली शेती, सगळं मुलाला. काकू पर्समधली गोळ्यांची डबी उघडतात, बंद करतात.

"शेती कुणाची?" बाई विचारतात.

"माझी."

"सातबारा बघू."

सातबाऱ्यावर काकांबरोबर दोन भावांची नावं आहेत. जमीन आजोबांपासूनची, वाटणी कधी झालीच नाही. बाई शेतीच्या ओळीखाली पेन्सिलनं रेघ मारतात. "यातला तुमचा हिस्सा तेवढा तुम्ही लिहून देऊ शकता. मुलीचा हिस्सा जन्मानं तिचा आहे. तो तुमचा नाहीच, मग देणार कसा?"

"पण तिचं लग्न ब्याण्णवलाच झालं."

काकांनी कुणाकडून तरी कायदा ऐकलेला दिसतोय. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सा दिला खरा, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. बाई मान हलवतात. "२००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीत ती अट नाही. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानंही सांगून टाकलंय, मुलीचा हक्क जन्मापासूनचा."

"लग्नात खर्च केला की तिच्या."

"मुलाच्या लग्नात नाही केला?"

कोपऱ्यातला टायपिस्ट खाली मान घालून हसतो. काका विषय बदलतात. "ठेवींचं तर काही नाही. बँकेत नॉमिनी म्हणून पोराचंच नाव आहे."

बाई भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बोट करतात. "हे सुरू करणाऱ्या जयंत साळगावकरांच्या घरातलंच प्रकरण आहे. त्यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केलं, २०१३ मध्ये ते गेले. गुंतवणुकीवर नॉमिनींची नावं होती. नॉमिनी मालक होतो का, हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ ला निकाल लागला की, शेअर नॉमिनीच्या नावावर गेले म्हणून तो मालक होत नाही. ठेवींचंही तसंच. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो. ते कुणाचे, हे मृत्युपत्र ठरवतं, नाहीतर वारसा कायदा."

"घराघरात तारखा लावणाऱ्यांनाही कोर्टाची तारीख चुकली नाही," गुरुजी पुटपुटतात.

आता उरतं घर. ते काकांच्या स्वतःच्या कमाईचं, त्याचं काय करायचं ते सर्वस्वी त्यांच्या हातात. बाई विचारतात, "काकूंचं काय?"

"पोरगा सांभाळेल की."

"सांभाळेलच. पण कागदावर नसेल, तर काकू त्याच्या मर्जीनं तिथं राहतील."

यावर काकांकडे उत्तर नाही. बोलतात त्या काकू, सकाळपासून पहिल्यांदाच. "घर माझ्या नावानं लिहा. पुढं कुणाला द्यायचं ते मी बघीन. आणि माझंही एक मृत्युपत्र करायचंय. सोनं माझं आहे." काका त्यांच्याकडे बघतच राहतात. बाई नवा कागद ओढतात.

मजकूर दुरुस्त होऊन छापून येईपर्यंत चहा येतो. शेजारच्या टेबलावर शहागंजहून आलेल्या एका चाचांना त्यांचे वकील समजावताहेत की, वसियत एक तृतीयांशाचीच करता येते, बाकीचं वारसांमध्ये ठरल्या हिश्शांनी जातं. वसियतीचं नाव निघताच गुरुजींना खुलताबादची औरंगजेबाची कबर आठवते. औरंगजेबाच्या नावानं सांगितल्या जाणाऱ्या मृत्युपत्रात, टोप्या शिवून मिळवलेले चार रुपये दोन आणे कफनाला खर्च करा, असं आहे. राज्याची तिघा मुलांत वाटणी करणारा कागदही त्याच्या नावावर सांगतात. औरंगजेब १७०७ मध्ये गेला आणि त्याच वर्षी मुलगा आझम जाजऊच्या लढाईत पडला. १७०९ मध्ये हैदराबादजवळ कामबक्षही संपला. राज्य उरलं थोरल्या मुअज्जमकडे.

"कागद होता, पण मानणारं कुणी नव्हतं," गुरुजी म्हणतात.

"म्हणून सांगते काका, मुलाला आणि मुलीला आज संध्याकाळीच फोन करून सांगा," बाई म्हणतात.

छापील पानं येतात. 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने' हे शब्द काका दोनदा वाचतात. व्यवस्थापक म्हणून त्यांनी मुलीचं नाव घातलं आहे, "कागदं तीच नीट ठेवते" म्हणून. ते प्रत्येक पानावर सही करतात. मी आणि मेडिकलवाला नुसते बघतो, कारण आमचं काम तेच आहे. मग त्यांच्यासमोर आम्ही सह्या करतो. डॉक्टरांचा दाखला जोडला जातो. कायदा तो मागत नाही, पण पुढं शंका घेणाऱ्याचं तोंड बंद होतं.

दुपारी दुय्यम निबंधक कार्यालयात टोकन, अंगठा आणि कॅमेऱ्यासमोर फोटो. काका फोटोसाठी टोपी सारखी करतात. मृत्युपत्रं इथं तीन नंबरच्या पुस्तकात नोंदली जातात. काका हयात आहेत तोवर त्यांच्याशिवाय किंवा त्यांच्या मुखत्याराशिवाय या दस्ताची नक्कल कुणाला मिळणार नाही.

नोंदणीची सक्ती नाही. ती केली नाही म्हणून मृत्युपत्र बाद होत नाही. पण काकांच्या कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्या नसत्या, तर त्याला कायद्यानं किंमत उरली नसती. शिवाय जिवंत असेपर्यंत मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येतं, म्हणजे आज लिहिलं म्हणून हातचं काही जात नाही. तेव्हा हात आणि डोकं शाबूत आहे तोवर लिहा. जे आपलं नाही ते देऊ नका, घरच्यांना आधी सांगा आणि सहीला आपल्याहून तरुण माणसं बोलवा.