थांबलेल्या सायकलचा वेळ

जानेवारी लागला की हौशी सायकलस्वारांच्या गटांत आकडे बोलले जाऊ लागतात. यंदा पाच हजार किलोमीटर करायचे, कुणी म्हणतं दहा हजार. दहा हजार हा आकडा ऐकायला अवाढव्य वाटतो, पण वर्षाच्या दिवसांनी भागला तर रोजचे सत्तावीस किलोमीटर आणि वर थोडेसे. नोकरी सांभाळून, पहाटे उठून, रविवारी मोठी फेरी काढून माणसं तो गाठतातही. असं लक्ष्य ठेवण्यात काही गैर नाही. आकडा नसता तर थंडीत पहाटे पाच वाजता पांघरूण बाजूला सारणारे निम्मे लोक झोपूनच राहिले असते. प्रश्न आहे तो आकडा काय मोजतो आणि काय मोजत नाही याचा. सायकलच्या फेऱ्यांची नोंद ठेवणारी बहुतेक मोबाइल अ‍ॅप्स सरासरी वेग काढताना फक्त चाकं फिरत असतानाचा वेळ धरतात. पंक्चर काढण्यात गेलेली चाळीस मिनिटं, उतरलेली चेन चढवण्यात गेलेली दहा मिनिटं आणि दुकान शोधत सायकल हातात धरून केलेली पायपीट त्या हिशेबातून गळून पडते. संध्याकाळी पडद्यावर दिसते ती जणू कुठेच न थांबलेली, स्वच्छ फेरी. हौशी सायकलिंगमधल्या बऱ्याच अडचणींचं मूळ या गळलेल्या वेळात आहे, असं माझं मत आहे. जे मोजलं जात नाही त्याची तयारी कुणी करत नाही. म्हणून ज्या लक्ष्यात थांबलेल्या सायकलचा वेळही धरलेला असतो, तेच लक्ष्य सायकलस्वाराला खरं घडवतं.

दहा हजार किलोमीटर म्हणजे यंत्राच्या बाजूने काय, ते आधी पाहू. रोड बाइकच्या चाकाचा परीघ साधारण २.१ मीटर असतो. म्हणजे वर्षभरात प्रत्येक चाक जवळजवळ ४८ लाख वेळा फिरतं. चाक फिरताना जमिनीच्या बाजूला आलेले आरे क्षणभर सैल पडतात आणि वर जाताना पुन्हा ताणले जातात. प्रत्येक आऱ्याला हा सैल-ताण-सैल खेळ ४८ लाख वेळा खेळावा लागतो. आरा एखाद्या दिवशी ‘अचानक’ तुटतो, बहुधा मागच्या चाकाचा, हबजवळच्या वाकलेल्या टोकाशी. ते तुटणं आत कित्येक महिने चाललेलं असतं. आरे मुळातच सैल राहिले असतील, तर धातू आणखी लवकर थकतो. पायडलचंही तसंच. ताशी २५ किलोमीटर वेग आणि मिनिटाला ८० फेरे धरले, तर दहा हजार किलोमीटरला पायडलचे एकोणीस लाखांवर फेरे होतात. त्यातल्या प्रत्येक फेऱ्यात चेनच्या कड्या दातांवरून वळतात, पिना घासतात आणि धूळ तेलात मिसळून काजळासारखी होते. थोडक्यात, सायकलचे बिघाड नशिबावर कमी आणि साचलेल्या झिजेवर जास्त अवलंबून असतात. रस्त्यात आडवा आलेला खिळा तेवढा नशिबाचा.

चेनचं उदाहरण जरा जवळून बघण्यासारखं आहे, कारण दुर्लक्षाची किंमत इथे अगदी फूटपट्टीवर मोजता येते. सायकलच्या चेनमध्ये एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत अर्धा इंच अंतर असतं. पोलादी पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर धरायचा, चेन किंचित ताणायची आणि बारा इंचाच्या रेघेवर काय येतं ते पाहायचं. नव्या चेनची पिन बरोबर रेघेवर येते. वापरलेल्या चेनची पिन थोडी पुढे सरकलेली असते. याला लोक चेन ताणली म्हणतात. प्रत्यक्षात धातू ताणलेला नसतो. प्रत्येक पिन आणि तिच्याभोवतीची बाजू कणाकणाने झिजलेली असते आणि ती सगळी झीज मिळून लांबी वाढते. पिन रेघेपुढे एक सोळांश इंच गेली की अर्धा टक्का वाढ झाली आणि चेन बदलायची वेळ आली. एक अष्टमांश इंच गेली तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. लांबलेल्या चेनने कॅसेटचे, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांचे, दातही आपल्या मापाचे झिजवून घेतलेले असतात. मग नवी चेन टाकली तरी ती जोर लावताच दातांवरून उड्या मारते आणि चेनबरोबर कॅसेटही बदलावी लागते. खर्च कित्येक पटींनी वाढतो. आपल्याकडच्या धुळीत चेन साधारण तीन ते पाच हजार किलोमीटर टिकते, सह्याद्रीतल्या पावसाळी चिखलात त्याहून बरीच कमी. म्हणजे दहा हजारांचं लक्ष्य ठेवणाऱ्याने त्याच दिवशी दोन-तीन चेनचंही लक्ष्य ठेवलेलं असतं. ते कुणी जाहीर करत नाही एवढंच. कारण उघड आहे. सायकल दुकानात उभी आहे तो दिवस शून्याचा, आणि चेन फडक्याने पुसण्यात गेलेला अर्धा तास म्हणजे न झालेले बारा किलोमीटर. वर्षअखेरीला आकडा अपुरा दिसू लागला की गुळगुळीत टायरवर, झिजलेल्या ब्रेकरबरांवर ‘आता जानेवारीत बघू’ म्हणत लोक घाट उतरतात.

याच्या उलट हिशेब बीआरएममध्ये, म्हणजे ब्रेव्हेमध्ये, चालतो. फ्रान्समधल्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियनच्या नियमांनुसार जगभर होणाऱ्या या लांब पल्ल्याच्या फेऱ्या महाराष्ट्रातही पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर अशा शहरांतून निघतात. ही शर्यत नव्हे, पहिला-दुसरा असा क्रमांक कुणालाच मिळत नाही. मुदतीत पोहोचला तो पूर्ण झाला. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. या चारही फेऱ्या एकाच हंगामात पुऱ्या करणाऱ्याला सुपर रँडोनियर म्हणतात. मदतीची गाडी मागे-पुढे ठेवता येत नाही, स्वतःच्या माणसांची मदत फक्त ठरलेल्या कंट्रोलवर, म्हणजे तपासणीच्या ठिकाणी, घेता येते. आणि घड्याळ कशासाठीही थांबत नाही. चहा, जेवण, झोप, पंक्चर, सगळं त्याच वेळात. यामुळे वेगाबद्दलची आपली कल्पनाच बदलते. २०० किलोमीटर ताशी २२ ने कापले तर नऊ तास पाच मिनिटं लागतात, २३ ने कापले तर आठ तास बेचाळीस. सरासरीत एक किलोमीटरची भर घालायला कित्येक महिन्यांचा सराव लागतो, आणि त्यातून वाचतात जेमतेम चोवीस मिनिटं. सवय नसलेल्या माणसाला एक पंक्चर काढायला याहून जास्त वेळ लागतो. ज्याने घरी चार वेळा चाक काढून, ट्यूब बदलून, परत बसवून पाहिलं आहे, त्याने ती चोवीस मिनिटं एका दुपारीच कमावलेली असतात.

स्वतःची सायकल स्वतः दुरुस्त करायची ही अट आजची नाही. १९१३ च्या तूर द फ्रान्समध्ये युजेन ख्रिस्तोफ हा फ्रेंच सायकलपटू आघाडीवर असताना पिरेनीज पर्वतातला तूरमाले घाट उतरत होता, आणि त्याच्या सायकलचा पुढचा काटा मोडला. बाहेरची मदत घ्यायची नाही असा तेव्हाचा नियम होता. सायकल खांद्यावर टाकून तो दहा किलोमीटरहून अधिक चालत सेंत-मारी-द-काम्पां या गावातल्या लोहाराच्या भट्टीपाशी पोहोचला आणि पंच समोर उभे असताना त्याने स्वतः लोखंड तापवून, ठोकून काटा जोडला. त्यात काही तास गेले आणि जिंकण्याची आशाही गेली. तरी त्याने शर्यत पूर्ण केली. एका मुलाने भट्टीचा भाता हलवला म्हणून पंचांनी ख्रिस्तोफला वर दंडही ठोकला. दंड कठोरच होता आणि आजच्या व्यावसायिक शर्यतींत असं काही उरलेलं नाही. तिथे मागून येणाऱ्या मोटारीतून मेकॅनिक नवीन सायकलच हातात देतो. पण त्या काळच्या नियमामागची कल्पना हौशी फेऱ्यांत शिल्लक राहिली आणि ती तिथेच शोभते.

आपल्याकडे या स्वावलंबनाला आणखी एक कारण आहे. खेड्यापाड्यांत सायकल दुरुस्त करणारा माणूस अजून सापडतो, पण त्याच्या हाताला सवय आहे ती काळ्या, दणकट, एका गिअरच्या सायकलची. तिच्या रुंद चेनची कडी, छर्रे, व्हॉल्व्हची रबरी नळी त्याच्या डब्यात असतात. रोड बाइकचं यातलं काहीच चालत नाही. हवासुद्धा भरता येत नाही, कारण पातळ प्रेस्टा व्हॉल्व्हवर पेट्रोल पंपाची नळी बसत नाही. त्यासाठी पितळेचा एक छोटा अ‍ॅडॉप्टर लागतो, जो काही रुपयांना मिळतो आणि न्यायचा राहून जातो. गिअर बदलणारा मागचा डिरेलर ज्याच्यावर लटकतो तो हँगर मुद्दाम मऊ धातूचा केलेला असतो. सायकल पडली तर फ्रेम वाचावी आणि हँगर वाकावा यासाठी. तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, तालुक्याच्या गावी काय, कधीकधी शहरातही मिळत नाही. म्हणजे लक्ष्य जितकं मोठं, तितकी फेरी शहरापासून लांब, आणि तितकंच उपयोगी पडणारं दुकानही लांब. महाग सायकल बिघडत नाही असं मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. बारा गिअरची चेन अरुंद आणि नाजूक मापाची असते, तिचे लाड जास्त पुरवावे लागतात.

पंक्चरला सगळे सारखंच वैतागतात, पण फार थोडे ते वाचायला शिकतात. ट्यूबला जिथे भोक आहे तिथेच कारण असतं. भोक टायरच्या बाजूला असेल तर काटा, काच किंवा महामार्गाच्या साईडपट्टीवर हमखास पडलेली, ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली केसाइतकी बारीक तार. रिमच्या बाजूला असेल तर आतली रिमटेप सरकली आहे किंवा आऱ्याचं टोक टोचतंय. शेजारी शेजारी दोन भोकं असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटली. म्हणून जाणकार टायर बसवतानाच त्यावरचं नाव व्हॉल्व्हसमोर आणून ठेवतात. मग ट्यूबवरचं भोक टायरवर नेमकं कुठे येतं ते लगेच कळतं आणि बोट फिरवून तार शोधता येते. ती तार न काढता नवी ट्यूब घातली, तर पाच किलोमीटरवर तीही बसते. पहिलं पंक्चर नशिबाचं असेल, दुसरं घाईचं असतं.

यावर लोक म्हणतील, हे मेकॅनिकचं काम आहे, हौस म्हणून सायकल चालवणाऱ्याने हात काळे का करायचे? हबमधले बेअरिंग, आऊट झालेलं चाक, बॉटम ब्रॅकेट ही कामं खरोखर कसबी माणसाचीच, आणि त्याचे पैसे काचकूच न करता द्यावेत. पण पंक्चर, उतरलेली किंवा तुटलेली चेन, घासणारा ब्रेक आणि सैल झालेली केबल एवढं तरी स्वाराला यायला हवं. दुसरा आक्षेप असा की मोठे पराक्रम तर मदतनिसांच्या ताफ्यासह होतात. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघात रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी केली, तेव्हा त्यांच्यामागे पथक होतं. होतंच, कारण त्या शर्यतीचा घाटच तसा आहे. पण तिथलं पथक जे करतं ते रविवारी एकट्याने बाहेर पडणाऱ्याला स्वतःच करावं लागतं. तिसरा आक्षेप नोकरदारांचा. ज्याला आठवड्यातून एकदा साठ किलोमीटर जमतात, त्याला ब्रेव्हेची शिस्त कशाला? पण त्यासाठी ब्रेव्हे करायलाच हवी असं नाही. घराच्या दारातून निघाल्यापासून परत येईपर्यंतचा पूर्ण वेळ लिहायचा, अ‍ॅपने दाखवलेला नाही, एवढं पुरे. दोन्हींतला फरक दर आठवड्याला डोळ्यांसमोर आला की चेन पुसायला वेळ आपोआप सापडतो.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र थेट या घड्याळावरच आहे, आणि तो झटकून टाकता येत नाही. न थांबणारं घड्याळ माणसाला झोप मारायला लावतं. चारशे आणि सहाशेच्या फेऱ्यांत रात्र रस्त्यावर काढावीच लागते, आणि परावर्तक जॅकेट व दिवे सक्तीचे असले तरी पहाटे तीनला डुलकी लागलेल्या ट्रकचालकावर त्यांचा इलाज चालत नाही. इथेही हिशेब करून बघावा. सहाशे किलोमीटर ताशी २० ने चालवले तर तीस तास जातात, उरतात दहा. जेवण, झोप, दुरुस्ती सगळं या दहांत बसवायचं. यातले तीन तास बिघाडांनी खाल्ले तर ते झोपेतूनच वजा होतात. नीट राखलेली सायकल वेगापेक्षा झोप जास्त देते, म्हणजे सुरक्षितताही. तरीही डोळे मिटू लागले असतील तर मुदत सोडून द्यावी, यात मला शंका नाही. आयोजकांनी सुरुवातीच्या ठिकाणी दिवे आणि जॅकेटांबरोबर एक चेनमापक आणि एक हवा मोजायचा पंप ठेवायला हरकत नसावी. पाऊस ओसरल्यावर आपल्याकडे मोठ्या फेऱ्यांचे दिवस सुरू होतात. त्याआधीच्या आठवड्यात चेनला पट्टी लावायची, ब्रेकरबरांत रुतलेली वाळू आणि धातूचे कण टोकदार वस्तूने काढायचे, टायर बोटांनी चाचपून तारा शोधायच्या, आरे दोन-दोन चिमटीत धरून दाबून बघायचे आणि पितळी अ‍ॅडॉप्टर पिशवीत टाकायचा. या कामाला एक सकाळ लागते. त्या सकाळीही वहीत पूर्ण वेळ लिहावा, किलोमीटरच्या रकान्यात शून्य पडलं तरी.