विमानप्रतिकृतीची ठिणगी

अलिबाग-रेवदंड्याकडील वाड्यांतून गवत कापण्याचें पेट्रोल-यंत्र आतां सर्वांच्या परिचयाचें झालें आहे. तसल्या जुन्या यंत्रास पंखा बसवून विमानाची मोठी प्रतिकृति उडवितां येते. मात्र तें सुरू झालें नाहीं, तर पेट्रोलला बोल लावण्यापूर्वीं ठिणगी पाहावी.

चाकांतील लोहचुंबक तारेच्या वेटोळ्याजवळून वेगानें गेलें म्हणजे वीज उत्पन्न होते व ती प्लगाच्या टोंकांमधील सुमारें ०.६ मिलिमीटर अंतर उडी मारून ओलांडते. वजन घटविण्यासाठीं चाकाचीं पातीं कापलीं, तरी चुंबकास धक्का लागूं देऊं नये. आमच्या किनाऱ्यावर खारट ओल प्लगाच्या चिनी मातीवर बसते आणि वीज तिच्यावरूनच निसटते. प्लग पुसून कोरडा करावा. बंद करण्याच्या बटणाची तार यंत्राच्या अंगास लागली असेल, तर ठिणगी मुळींच पडत नाहीं. आम्ही प्रथम हेंच तपासतों.

खरा फसवा दोष निराळाच. उतरतांना पंखा वाळूंत आपटला, कीं चाक व दांडा यांमधील लहान चावी कधीं कधीं तुटते आणि चाक किंचित् सरकतें. ठिणगी झकास दिसते, पण भलत्या वेळीं पडते. यंत्र उलट झटका देतें व पंख्यावरील बोटें जायबंदी होतात. म्हणून वाळूंत आपटलेल्या यंत्राचें चाक उघडून पाहिल्यावांचून, मुलांनो, पंखा फिरवूं नका. आणि पालकांनीं तपासणीच्या वेळीं प्लगाची टोपी काढलेली आहे ना, हें स्वतः पाहावें.