सीटमागचे 17 लिटर

पुण्याजवळच्या चाकण पट्ट्यात माणसे आणि सामान एकदमच न्यायला बोलेरो कॅम्परसारख्या डबल कॅब गाड्या धावतात. या गाड्यांना डिकी नाही. त्यामुळे बेसची हौस असलेल्या सांगवीकराला जागा उरते ती मागच्या सीटच्या पाठीमागे. पाठ तिरकी, म्हणून वूफरचा खोकाही वर निमुळता. समजा, आतून लांबी 60 सेंटिमीटर, उंची 35, खोली वर 6 आणि खाली 12. झाले जेमतेम 19 लिटर. त्यातून चपट्या वूफरचे चुंबक आणि आधाराच्या पट्ट्या वजा केल्या की उरले 17. दुकानात सगळे वॅट विचारतात. विचारायला हवेत लिटर.

वूफरचा कोन, म्हणजे शंकूसारखा पडदा, पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते, त्याच क्षणी मागची विरळ होते. या दोन लहरी एकत्र आल्या तर खर्ज जागच्या जागी मरतो. म्हणून मागची लहर हवाबंद खोक्यात कोंडायची. कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंग म्हणून राबवण्याची युक्ती अमेरिकेच्या एडगर व्हिल्चर यांनी 1954 मध्ये आणली. तिचे नेमके गणित पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी मांडले. वूफरच्या माहितीपत्रकात ‘व्हीएएस’ नावाचा आकडा असतो, तो यासाठीच: कोनाच्या टांगणीइतकी लवचीक हवा किती लिटर, ते तो सांगतो. तो 34 असेल आणि खोका 17 लिटरचा, तर मोकळ्यावर 30 हर्ट्झला घुमणारा कोन खोक्यात 52 वर चढतो.

मग त्याखालचा ढोलाचा खर्ज गेलाच म्हणायचा? नाही. 40 हर्ट्झची लहर साडेआठ मीटर लांब, केबिन त्याहून बरीच आखूड. लहर आत मावत नाही, त्यामुळे केबिनभरची हवा एकदमच दाबली आणि सैल केली जाते. हवाबंद खोका खाली प्रत्येक सप्तकाला सुमारे 12 डेसिबल गमावतो. पूर्ण बंद केबिन जवळपास तेवढेच परत देते, अर्थात कागदावर. पत्रा थरथरतो, फटी गळतात, त्यामुळे हाती थोडे कमी लागते. तरीही एवढ्याशा जागेत छिद्राचा, म्हणजे पोर्टचा खोका करण्याचा हट्ट मला पटत नाही.

लाकडात एमडीएफ स्वस्त आणि गुळगुळीत, पण ओल लागली की फुगते. आपल्या पावसाळ्यात 18 मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लायच बरा. सांधे फेव्हिकॉल आणि स्क्रूने आवळून हळू आवाजात खर्ज वाजवा आणि सांध्यापाशी उदबत्ती धरा. धूर थरथरला तर तिथे फट आहे. खोका बोल्टने गाडीच्या सांगाड्याला बांधा. नाहीतर करकचून ब्रेक लागला की तो पुढच्यांच्या मानेवर येतो.

काच आणि पत्रा वरचे सूर बऱ्यापैकी अडवतात, खर्ज मात्र आरपार जातो. सांगवी फाट्यावर औंधचे जिल्हा रुग्णालय आहे. रुग्णालयाभोवतीच्या शांतता क्षेत्राची मर्यादा दिवसा 50 आणि रात्री 40 डेसिबल आहे. तिथून जाताना बेसचे बटण शून्यावर आणा.