एकच दीर्घिका, दोन रूपं

डिसेंबरात रात्री नऊ-दहाच्या सुमारास रायपूरच्या तेलीबांधा तलावावर उभं राहिलं, तर दक्षिणेला बऱ्याच उंचीवर तिमिंगल तारकासमूहात एम ७७ ही दीर्घिका असते. काठावरच्या दिव्यांत ती दिसायची नाही. अंधाऱ्या माळावर, लहान दुर्बिणीतून धुरकट ठिपका दिसतो. सक्रिय दीर्घिकांचं मोठं कोडं या ठिपक्यामुळेच उलगडलं.

अशा दीर्घिकेच्या केंद्रात महाकाय कृष्णविवर असतं आणि त्यात ओढला जाणारा वायू तापून झळाळतो. पण वर्णपट घेतले की दोन जाती निघत. काहींत हायड्रोजनच्या रेषा रुंद, म्हणजे वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगानं फिरणारा. काहींत सगळ्या अरुंद. एम ७७ दुसऱ्या जातीतली. १९८५ साली अँटोनुची आणि मिलर यांनी तिचा फक्त ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, प्रकाश तपासला आणि त्यात रुंद रेषा सापडल्या! केंद्राभोवती मेदूवड्यासारखं धुळीचं जाड कडं आहे आणि आपण ते कडेनं पाहतो. आतला वेगवान वायू झाकला जातो. भोकातून वर निसटलेला थोडा प्रकाश तिथल्या इलेक्ट्रॉनांवरून विखुरतो, ध्रुवित होतो आणि आपल्यापर्यंत पोचतो. वरून पाहणाऱ्याला हीच दीर्घिका पहिल्या जातीची वाटली असती.

कोनाचा हा प्रभाव भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी आधीच ओळखला होता. १९८२ मध्ये विजय कपाही आणि डी. जे. सैकिया यांनी दाखवलं, की ज्या क्वेसारांचा, म्हणजे अतितेजस्वी सक्रिय दीर्घिकांचा, गाभा अधिक तेजस्वी, ते आखूड दिसतात. केंद्रातून सुटणारा झोत आपल्याकडे रोखलेला असला की असंच व्हायला हवं.

धुळीच्या अभ्यासात तर खुद्द रायपूरचा वाटा आहे. पं. रविशंकर शुक्ल विद्यापीठाचे एस. के. पांडे, नांदेडचे एम. के. पाटील, डी. के. साहू आणि पुण्याच्या आयुकातले अजित केंभावी यांनी २००७ मध्ये २६ दीर्घिकांतली धूळ तपासली. ती कड्यातली नव्हे, दीर्घिकेत पसरलेली. पण निळा प्रकाश जास्त आणि तांबडा कमी अडवण्याची तिची रीत आपल्या आकाशगंगेतल्या धुळीसारखीच निघाली. रायपूर-नांदेडकडून आलेलं हे काम मला फार मोलाचं वाटतं: पडदा किती प्रकाश खातो हे कळल्याशिवाय मागच्या दिव्याचं तेज सांगता येत नाही.

तरी दोन जातींतला सगळा फरक कोनावर ढकलता येत नाही. तिमिंगलातल्याच मार्केरियन ५९० या दीर्घिकेच्या रुंद रेषा काही दशकांत जवळपास नाहीशा झाल्या आणि पुढे परतल्या. एवढ्या काळात कडं कलत नाही, आणि क्ष-किरणांत आड आलेल्या धूळ-वायूची खूणही मिळाली नाही. तिथे कृष्णविवराचा खुराकच कमी-जास्त झाला असावा.