संगणकाची जुळवणी आणि पूर्वदक्षता

पुण्याहून पौडकडे जाताना भूगाव ओलांडले की भुकूम लागते, आणि मुळशी तालुक्यातील या गावात शेतीच्या शेजारी आता नव्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत. तेथील एखादा विद्यार्थी किंवा घरी बसून नोकरी करणारा गृहस्थ सुटे भाग आणून डेस्कटॉप संगणक स्वतः जुळविण्याचा संकल्प सोडतो, तेव्हा त्याच्या हातून होणाऱ्या बहुतेक चुका स्क्रूड्रायव्हर हाती येण्यापूर्वीच होऊन चुकलेल्या असतात.

याचे कारण असे, की संगणकाचे सामर्थ्य एकेका भागाच्या किमतीत नसून सर्वांच्या परस्पर मेळात असते. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला, तो एकाच अचाट प्रोसेसरच्या बळावर नव्हे, तर ट्रान्सप्युटर नावाचे अनेक प्रोसेसर परस्परांशी कौशल्याने जोडून. घरगुती जुळवणीचे तत्त्वही याहून फारसे निराळे नाही.

म्हणून खरेदीपूर्वी भागांचा तपशील कागदावर मांडावा. एएम४ बांधणीचा प्रोसेसर एएम५ सॉकेटात बसत नाही, डीडीआर४ रॅम डीडीआर५ च्या खाचेत शिरत नाही, आणि इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ हे अक्षर असते, त्यास स्वतंत्र ग्राफिक कार्डावाचून पडद्यावर चित्र उमटविता येत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सवलतीत आणलेला माल या एका अक्षरापायी निरुपयोगी ठरू शकतो. संगणकाला वीज पुरविणाऱ्या एसएमपीएसच्या बाबतीत काटकसर करणे तर सर्वांत महाग पडते, कारण तो निकृष्ट निघून बिघडला तर इतर भागांनाही आपल्यासोबत नेतो.

प्रत्यक्ष जुळवणीत घाई हाच मुख्य शत्रू होय. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरील लहानसा त्रिकोण सॉकेटावरील खुणेशी जुळवून तो अलगद ठेवावा, त्यावर जोर देऊ नये. सॉकेटातील केसासारखी पिन एकदा वाकली, की हमीचा आधारही बहुधा सुटतो. कॅबिनेटमधील पितळी स्टँडऑफ, म्हणजे मदरबोर्ड टेकण्याचे खुंट, मदरबोर्डाच्या छिद्रांखालीच आहेत याची खातरजमा करावी, कारण भलत्या जागी राहिलेला एकही शॉर्ट सर्किटास पुरेसा असतो. कूलरच्या तळाचे पातळ प्लास्टिक काढणे, प्रोसेसरची वेगळी वीजजोडणी करणे आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डाला न लावता ग्राफिक कार्डाला लावणे या गोष्टी क्षुल्लक वाटतात खऱ्या, पण संगणक सुरू झाला नाही किंवा मंद चालला, तर अपराधी पुष्कळदा यांच्यातच सापडतो.

परंतु भुकूमसारख्या डोंगराळ टापूत याहूनही आधी पाहावयाची बाब म्हणजे घराचे अर्थिंग. ते नसेल, तर एसएमपीएसमधील किंचित गळतीचा प्रवाह जमिनीत न जाता कॅबिनेटच्या पत्र्यावर येतो आणि हात लावताच झिणझिण्या येतात. पुष्कळ जण तो संगणकाचा दोष समजून दुकानदाराशी तंटा करतात आणि प्लगची तिसरी पिन मात्र निर्धास्तपणे मोकळी सोडतात. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत अंगावर साचणाऱ्या स्थिर विद्युतेपासून रॅमचा बचाव करण्यासाठी वरचेवर कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करावा असे सांगतात. मात्र अंगावरील ही वीज जमिनीत जावयाची, तर त्या पत्र्याची जमिनीशी जोडणी असावयास हवी. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या, की प्लग उपसून ठेवणे हाच खात्रीचा बंदोबस्त. यूपीएस वीज गेल्यावर काम जतन करण्यापुरता अवधी देतो, पण आकाशातील विजेपुढे त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

तेव्हा संगणक जुळवू इच्छिणाऱ्या वाचकाने प्रथम परवानाधारक वायरमनकडून घराचे अर्थिंग तपासून घ्यावे, मग भागांची यादी करावी, प्रत्येक भागाचा अनुक्रमांक पावतीवर नोंदवून घ्यावा, आणि एवढी सिद्धता झाल्यावरच पहिले खोके उघडावे.