दीड मिलिमीटरची किंमत

२०२५च्या दिवाळीआधी आयफोन एअर आला, ५.६ मिमी जाडीचा, ३१४९ एमएएच बॅटरीचा. दिवाळीनंतर वनप्लस १५ आला, साधारण आठ मिमीचा, बॅटरी ७३०० एमएएच. एमएएच म्हणजे थेट तास नव्हेत, चिप वीज किती काटकसरीने वापरते हेही बघावं लागतं. तरी निम्म्याहून मोठी तफावत डोळ्यांआड करता येत नाही.

फोन बारीक करताना पुढची काच, पडदा, मागचं झाकण फारसं आक्रसत नाही. कात्री लागते ती बॅटरीला. समजा, आठ मिमीच्या फोनमध्ये या थरांनी तीन मिमी खाल्ले, तर बॅटरीला पाच उरतात. तोच फोन सहा मिमीचा केला, तर फोन पाव हिश्शाने बारीक होतो आणि बॅटरी ४० टक्क्यांनी. सॅमसंगचे एस२५ प्लस आणि एस२५ एज पाहा. पडदा दोघांचाही ६.७ इंची. जाडी ७.३ वरून ५.८ मिमीवर आली, बॅटरी ४९०० वरून ३९०० वर. एजमधून टेलिफोटो कॅमेराही गेला, तरी हजार एमएएच वाचले नाहीत.

एअरमध्ये मागे एकच कॅमेरा आहे, खालचा स्पीकर नाही आणि सिमकार्डाची खाचही नाही, फक्त ई-सिम. फोन मान टाकतो तेव्हा सिम काढून घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये घालायची आपली सवय इथे कामाला येत नाही.

ॲपल एअरसाठी मागे चिकटवायची बॅटरी वेगळी विकतं. उपकरणं खोलून तपासणाऱ्या आयफिक्सिटने ती उघडली, तर आत निघाला एअरमधलाच सेल, १२.२६ वॉट-अवरचा. व्हिडिओ पाहण्याचा कंपनीचा दावा एकट्या फोनसाठी २७ तासांचा, ही जोडल्यावर ४० तासांचा. म्हणजे आतून काढलेली जाडी ग्राहकाने पैसे मोजून बाहेरून लावायची. मला हे पटत नाही.

कारण माझा दिवस सकाळच्या लोकलने सुरू होतो. पास फोनमध्ये, रिक्षाचे पैसे फोनमध्ये, घरी उशीर होतोय हे कळवायचं तेही फोनवरूनच. संध्याकाळी सातला दहा टक्के उरले की जीव टांगणीला लागतो. अर्धा मिलिमीटर कमी आहे की जास्त, हे मला त्या गर्दीत कधी जाणवलेलं नाही.

वनप्लसला एवढी बॅटरी आठ मिमीत बसवता आली ती सिलिकॉनमुळे. बॅटरीत नेहमी वापरतात त्या ग्रॅफाइटपेक्षा सिलिकॉन वजनाच्या मानाने कितीतरी जास्त लिथियम धरून ठेवतं. अडचण फुगण्याची: चार्ज होताना त्याचं आकारमान तिपटीच्या वर जातं आणि त्याला तडे जातात. म्हणून ते कार्बनसोबत, बेताच्या प्रमाणात वापरतात. चिनी कंपन्यांनी हे २०२३ पासून फोनमध्ये आणलं. ॲपल आणि सॅमसंग अजून थांबलेत.

वजनाच्या बाबतीत मात्र बारीक फोनला मी मनापासून मान देतो. एअर १६५ ग्रॅमचा, वनप्लस दोनशेच्या वर. माझी आई रात्री पडल्या पडल्या एका हाताने फोन धरून भजनं ऐकते, आणि तिचं मनगट दुखतं.