भारताला बॅडमिंटनचं पहिलं आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारे सांगलीचे नंदू नाटेकर कोण होते?

सायना, सिंधू, श्रीकांत ही नावं सगळ्यांना पाठ आहेत. पण परदेशात बॅडमिंटनची स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय सांगलीत जन्मला होता, हे किती जणांना माहीत आहे? त्यांचं नाव नंदू नाटेकर.

टेनिस सुटलं, रॅकेट नाही

१२ मे १९३३ रोजी जन्मलेल्या नाटेकरांचं पहिलं प्रेम होतं टेनिस. ज्युनिअर राष्ट्रीय स्पर्धेच्या फायनलपर्यंत ते पोहोचले, पण समोर होते रामनाथन कृष्णन. तिथे हार झाली आणि नाटेकर बॅडमिंटनकडे वळले. विसाव्या वर्षी ते भारताकडून खेळत होते.

१९५४ मध्ये ऑल इंग्लंडची उपांत्यपूर्व फेरी. १९५६ मध्ये मलायातली सेलांगोर इंटरनॅशनल स्पर्धा जिंकली आणि इतिहास घडला.

एकेरी, दुहेरी, मिश्र दुहेरी... सगळंच

आज खेळाडू बहुतेक एकाच प्रकारावर लक्ष देतात. नाटेकर तिन्ही प्रकार खेळायचे आणि जिंकायचेही. राष्ट्रीय स्पर्धेत एकेरीची ६, दुहेरीची ६ आणि मिश्र दुहेरीची ५ विजेतेपदं त्यांच्या नावावर आहेत. थॉमस कपमध्ये एकेरीच्या १६ पैकी १२ लढती त्यांनी जिंकल्या. ताकदीपेक्षा मनगटाच्या करामतीवर त्यांचा खेळ उभा होता.

मग पैसा किती मिळाला?

खरी मेख इथेच आहे. तेव्हा बॅडमिंटन हा 'हौशी' खेळ होता. म्हणजे बक्षिसाची रक्कम घ्यायची नाही, असा नियमच होता. करंडक घरी न्यायचा आणि पोटासाठी नोकरी करायची. व्यावसायिक खेळाडूंसाठी दारं उघडली १९७९ मध्ये. तोवर नाटेकरांची कारकीर्द संपली होती.

शेजारच्या सातारा जिल्ह्यातली गोष्टही वेगळी नव्हती. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला गेले ते लोकवर्गणीवर. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी तर त्यांच्यासाठी घर गहाण ठेवलं. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. पण अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यांच्या निधनानंतर.

नाटेकरांना काय मिळालं?

१९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला. पहिल्याच यादीत नाटेकरांचं नाव होतं. त्यांचा मुलगा गौरव टेनिसपटू झाला आणि १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्णपदक जिंकलं. वडिलांचं सुटलेलं टेनिस मुलाने पुढे नेलं.

२८ जुलै २०२१ रोजी पुण्यात नाटेकरांचं निधन झालं. तेव्हा टोकियो ऑलिम्पिक सुरू होतं आणि अख्ख्या देशाचं लक्ष सिंधूच्या मॅचकडे होतं. परदेशात जाऊन जिंकता येतं, हे भारतीय बॅडमिंटनला पहिल्यांदा दाखवलं होतं ते नाटेकरांनी. तेही एक रुपया बक्षीस न घेता.